उतारशाळेचा राखणदार



आमच्या मालगुंडला बाहेरगावची माणसे येतात ती बहुधा गणपतीपुळ्याच्या देवदर्शनाला जोडून. देवळातून निघाले की कोणीतरी सांगते, शेजारच्याच गावात केशवसुतांचे घर आहे. मग गाडी वळते. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये उभे केलेले कवींचे स्मारक बघून होते, जुन्या घराच्या ओटीवर क्षणभर टेकणे होते. आणि निघताना एखादा शाळकरी मुलगा हमखास विचारतो, ‘हे कवी गेले कसे?’

उत्तर एका ओळीचे आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, धारवाडच्या शाळेत मराठी शिकवत होते. काही कामाने हुबळीला आपल्या चुलत्यांकडे गेले आणि तेथे ७ नोव्हेंबर १९०५ रोजी प्लेगने गेले. वय अवघे एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही गेल्या.

मुलगा पुढे काही विचारत नाही. मला मात्र त्याच्या पुढचा प्रश्न नेहमी पडतो. प्लेग झालेल्या माणसाजवळ त्या काळी थांबत कोण असेल? पाणी कोण पाजत असेल? घामाने भिजलेले अंथरूण कोण बदलत असेल? आज नाताळच्या निमित्ताने बोलताना मला याच प्रश्नावर बोलायचे आहे. मी ख्रिस्ती नाही. पण या प्रश्नाचे जे उत्तर मला समजले, ते समजायला एका ख्रिस्ती बाईचे आयुष्य आणि येशूने सांगितलेली एक लहानशी गोष्ट कारणीभूत झाली.

प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढची कित्येक वर्षे तो गावोगाव हिंडत राहिला. उंदीर मरून पडू लागले की माणसे घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. घरात कोणाच्या जांघेत किंवा काखेत गाठ आली की सख्खी माणसेही उंबऱ्याशी थांबत. ती माणसे वाईट होती असे नाही. ती घाबरलेली होती. २०२० साली आपणही हेच पाहिले. शेजाऱ्याला कोरोना झाला म्हटल्यावर आपणही खिडकीतूनच विचारपूस केली आणि डबा दारात ठेवून मागे सरलो. भीती ही माणसाची स्वाभाविक गोष्ट आहे. त्या भीतीवर पाय देऊन जो पुढे जातो, त्याचे मोल म्हणूनच मोठे.

पुढे जाण्याचा मक्ता कोणा एका धर्माकडे नाही, हे आधीच सांगतो. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्याजवळ मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे धैर्य कोणत्या मंदिरातून आले हे विचारण्याची गरज पडत नाही.

मला ज्या बाईंविषयी सांगायचे आहे त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे नाव आपल्या जिल्ह्याशी नात्याने जोडलेले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक, म्हणजे रेव्हरंड टिळक, यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. तरुणपणी नागपुरात टिळक आणि केशवसुत यांची ओळख झाली होती. कोकणच्या मातीतले हे दोन कवी. पुढे एकाने मराठी कवितेचे वळण बदलले आणि दुसऱ्याने आपला धर्मच बदलला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

लक्ष्मीबाईंवर त्या दिवशी काय कोसळले असेल ते आज कल्पनेनेच समजून घ्यायचे. अकराबारा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की सगळे घर त्या सोवळ्याच्या धाकात असे. नवऱ्याने धर्मांतर केले आणि लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढू लागल्या. लोकांच्या लेखी त्या ना सुवासिनी, ना विधवा. अशी काही वर्षे गेल्यावर त्या नवऱ्याकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहायला आल्या. आल्या तरी सोवळे सोबत होतेच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एकाच कुटुंबात दोन धर्म नांदत होते.

मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनातला तो बांध फुटला. जात देवाने केलेली नाही, ती माणसांनी केली, हे त्यांना आतून पटले. कोणी सांगितले म्हणून नव्हे. टिळकांनी तर त्यांच्यावर कधी बळजोरी केली नाही. त्यानंतर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती दीक्षा घेतली. आणि ज्या हातांना दुसऱ्याच्या तांब्याचाही विटाळ होत होता, त्याच हातांनी पुढे प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची सेवा केली. आईबाप नसलेली मुले जवळ घेतली. खानदेशातून आलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा हळवा, हट्टी मुलगा त्यांच्याच घरी राहिला आणि त्याला त्यांनी आईसारखे सांभाळले. तोच आपला बालकवी.

ही सगळी हकिगत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. १९३४ ते १९३६ या काळात ते प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल, त्या पुस्तकात कोठेही ‘मी त्याग केला’ असा सूर नाही. उलट पानोपानी हसू आहे. हे हसू मला फार महत्त्वाचे वाटते. दुसऱ्यासाठी झिजणारे माणूस कपाळाला आठ्या घालून झिजत असेल, तर ज्याच्यासाठी ते झिजते त्याला त्या आठ्यांचे ओझे होते.

आता येशूच्या त्या गोष्टीकडे येतो. लूक नावाच्या शुभवर्तमानकाराने ती लिहून ठेवली आहे. लूक हा वैद्य होता असे परंपरा मानते. एका शास्त्र्याने येशूला विचारले, शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणतात, पण माझा शेजारी कोण? येशूने व्याख्या दिली नाही. गोष्ट सांगितली.

एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चालला होता. हा रस्ता कसा असेल हे कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. आंबा घाट डोळ्यांसमोर आणा. यरुशलेम डोंगरावर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. पंचवीसएक किलोमीटरात हजार मीटरची उतरण. वाटेत दऱ्या, कपारी आणि लुटारू. त्या माणसाला लुटारूंनी गाठले, कपडे काढून घेतले, मारले आणि अर्धमेला टाकून दिले. तिकडून एक याजक आला, त्याने पाहिले आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग एक लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी, तोही तसाच गेला. शेवटी एक शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते, एकमेकांशी व्यवहार नव्हता. या शोमरोन्याला कळवळा आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवले आणि एका उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या राखणदाराला दोन दिनार दिले आणि म्हणाला, याची काळजी घे, आणखी काही खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा तुला देईन.

गोष्ट येथे संपते. जगभर या माणसाला ‘चांगला शोमरोनी’ म्हणतात. त्याच्या नावाने दवाखाने निघाले, संस्था निघाल्या. ते योग्यच आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यानंतर मी ही गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा माझे लक्ष भलत्याच माणसाकडे गेले. तो उतारशाळेचा राखणदार. त्याला नाव नाही, जात नाही, त्याच्या तोंडी एक वाक्यही नाही. शोमरोनी आपल्या वाटेने गेला. पुढचे किती दिवस, ठाऊक नाही, पण त्या जखमी माणसाच्या पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री तो कण्हला तेव्हा दिवा घेऊन कोण उठले? त्याला भरवले कोणी, धुतले कोणी? या राखणदाराने. नाहीतर त्याच्या बायकोने. तिचा तर गोष्टीत उल्लेखही नाही.

मूळ ग्रीकमध्ये उतारशाळेला जो शब्द आहे, ‘पांदोखेइओन’, त्याचा अर्थच मुळी सर्वांना स्वीकारणारी जागा. कोण आला, कोठून आला, हे न विचारता घेणारे दार. दोन दिनार म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी. तेवढ्या पैशांत एका अर्धमेल्या माणसाची जबाबदारी घ्यायची आणि उरलेले पैसे एक परका, तोही वैऱ्यांच्या जमातीतला, परत येऊन देईल यावर विश्वास ठेवायचा. शोमरोन्याच्या दयेइतकाच राखणदाराचा हा विश्वासही मोठा नाही का?

ख्रिस्ती माणसांनी ही गोष्ट नुसती ऐकली नाही. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली, तेव्हा अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती मंडळी आजाऱ्यांजवळ राहिली आणि त्यांतली कित्येक त्या आजारानेच गेली. चौथ्या शतकात, आज जो तुर्कस्तान आहे तेथे, कैसरिया नगराबाहेर बेसिल नावाच्या बिशपांनी आजारी, निराधार आणि वाटसरू यांच्यासाठी घरे उभारली. गंमत पाहा, हॉस्पिटल आणि हॉटेल हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. पाहुण्याला घरात घेणे हा त्या मुळाचा अर्थ. म्हणजे दवाखान्याची जन्मकथा उतारशाळेतच आहे.

आपल्याकडेही ही वाट पोहोचली. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय सुरू केले. घाटाखाली आमच्याकडे दुखणे हाताबाहेर गेले की ‘आता मिरजेला न्या’ असे जुनी माणसे म्हणत, ते त्या रुग्णालयामुळे. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. दोन हजार माणसांचे रोजचे दळण, पाणी, कपडे, आजारपण. भाषणात ‘अनाथांची माउली’ म्हणणे सोपे आहे. रोज सकाळी उठून दोन हजार भाकऱ्यांचा हिशेब करणे ही खरी गोष्ट.

येथे एक शंका अनेकांच्या मनात येत असेल. ही सेवा खरोखर निःस्वार्थ होती का, की धर्मांतरासाठी टाकलेले आमिष? ही शंका टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सेवेच्या मागे हिशेब ठेवणारी माणसे सगळ्याच धर्मांत असतात आणि मिशनऱ्यांतही होती. पण पुन्हा त्या गोष्टीकडेच पाहा. शोमरोन्याने जखमी माणसाला ‘तू शोमरोनी हो’ असे म्हटले नाही. त्याचे नावही विचारले नाही. त्याच्या बरे होण्याची वाट पाहून आभार घ्यायलाही तो थांबला नाही. ज्या प्रेमाच्या पोटात गळ असतो ते येशूने सांगितलेले प्रेम नव्हे, असे ही गोष्टच सांगते. टिळकांनाही हा प्रश्न छळत असावा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा प्रयत्न केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही सारखीच जागा होती. पगारी धर्मसेवक म्हणून नव्हे, तर आपल्या माणसांतला एक म्हणून त्यांना उरलेले आयुष्य काढायचे होते.

हे वेतन सोडणे थोर होते. पण श्रोतेहो, दुसऱ्या दिवशी चूल पेटायची होतीच ना? ती पेटवायची होती लक्ष्मीबाईंनी. टिळकांचा स्वभाव पहिल्यापासून उधळा आणि उदार. बाजाराला दिलेले पैसे भलत्याच गोष्टीवर खर्च करून यायचे, कोणाचे दुःख पाहिले की हातातले देऊन टाकायचे, रस्त्यावरचे माणूस घरी घेऊन यायचे. आणायचे काम त्यांचे. त्या आणलेल्या माणसाला जेवायला काय घालायचे, झोपवायचे कोठे, ते रडले तर समजूत कोणी काढायची, हे काम लक्ष्मीबाईंचे. टिळक शोमरोनी होते. लक्ष्मीबाई उतारशाळेच्या राखणदार होत्या. आणि कित्येकदा ते दोन दिनारही त्यांच्या हातावर पडले नाहीत.

जगावर प्रेम करणाऱ्या माणसाकडून घरच्या माणसावर अन्याय होऊ शकतो, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवल्यावाचून राहत नाही. लक्ष्मीबाई तो लपवत नाहीत. त्या रागावतात, भांडतात, टिळकांची फजिती हसत हसत सांगतात. आणि तरीही त्या माणसावर त्यांचे जे प्रेम आहे ते कोठे उणे होत नाही. निःस्वार्थ प्रेम म्हणजे डोळे मिटून सोसणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे. डोळे उघडे ठेवून, समोरच्याचे दोष मोजूनमापून आणि तरीही त्याला न सोडणे, हे जास्त कठीण आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक काव्य पूर्ण केले. वाटसरू परत आला नाही, तेव्हा राखणदारानेच त्याचा राहिलेला हिशेब पुरा केला.

आता थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण ही गोष्ट मला पुस्तकातून अर्धीच कळली होती. उरलेली अर्धी मालगुंडच्या आमच्या घरात कळली.

मी नोकरीसाठी मुंबईत होतो. थोरले बंधू आणि वहिनी गावी. आईला अर्धांगवायू झाला आणि ती माजघरातल्या खाटेवर पडली, ती सहा वर्षे. मी दर महिन्याला न चुकता मनीऑर्डर करत असे. गणपतीला आणि मे महिन्यात येताना औषधे, मऊ चादरी, फळे आणत असे. गावात लोक म्हणत, मुलगा असावा तर असा. मलाही ते खरे वाटे. आपण आईसाठी काही कमी करत नाही, या समाधानात मी असे.

एका गणपतीत वहिनींना ताप भरला. दादा नेमके कामासाठी रत्नागिरीला मुक्कामाला गेलेले. वहिनी उठू लागल्या तेव्हा मी म्हटले, ‘वहिनी, आजची रात्र मी बघतो.’

त्या म्हणाल्या, ‘भावोजी, तुम्ही झोपा. तुम्हाला जमायचं नाही. मला सवय आहे.’

मी हट्टाने बसलो. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची होती, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्यांदा कूस बदलताना तिचा हात अंगाखाली अडकला आणि ती कळवळली. मग कपडे बदलावे लागले. आईचे कपडे मुलाने बदलायचे, याचा तिला संकोच आणि मला त्याहून जास्त. पेज भरवताना ती अर्धी उशीवर सांडली. दोनच्या सुमारास डोळा लागला तर तिच्या कण्हण्याने दचकून जागा झालो. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा माझी पाठ धरली होती, आणि मी अवघी एक रात्र काढली होती. हिशेब केला. सहा वर्षांच्या रात्री दोन हजारांच्या वर होतात. त्यांतली माझी एक.

सकाळी वहिनी तापातच उठल्या, आईजवळ गेल्या, पदराने तिचे तोंड पुसले आणि म्हणाल्या, ‘काय हो, मुलाने छळलं का रात्री?’ आणि सहा वर्षांत क्वचित हसणारी आई हसली. त्या क्षणी मला गोष्टीतला राखणदार दिसला. मी आजवर स्वतःला शोमरोनी समजत होतो. पण शोमरोन्याइतकेही मी केले नव्हते.

कारण गोष्ट नीट वाचा. शोमरोन्याने दोन दिनार दिले ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे पहिली रात्र तो स्वतः त्या जखमी माणसाजवळ होता. आधी हात लावला, मग रात्र जागवली, मग पैसे दिले, आणि जाताना परत येण्याचा शब्द दिला. आपण यातली तिसरी गोष्ट तेवढी उचलली आहे.

आमचे कोकण अनेक पिढ्या मनीऑर्डरीवर जगले. आता मनीऑर्डरीच्या जागी मोबाइलवरून पैसे येतात, पण चित्र तेच आहे. वाडीत चार घरे बंद, पाचव्यात एक म्हातारे माणूस आणि त्याला बघणारे दुसरे तितकेच थकलेले माणूस. मुले मुंबईला, पुण्याला, कोणी दुबईला, कोणी अमेरिकेला. मुले वाईट नाहीत. पैसे येतात, रोज फोन येतो. पण जी सून, जी लेक, जी शेजारीण, जी पगारी बाई त्या खाटेशी आहे, तिची विचारपूस कोण करते? फोनवर आपण विचारतो, ‘आई कशी आहे?’ ‘तू कशी आहेस?’ असे त्या बाईला कितीजण विचारतात?

आणि राखणदारही माणूसच असतो. त्याची पाठ दुखते. त्याला वीट येतो. कधीतरी त्याचा आवाज चढतो आणि मग त्याची त्यालाच लाज वाटते. सतत दुसऱ्याची सेवा करणारे माणूस कधी चिडले, तर त्याचे प्रेम खोटे होते असा निवाडा करू नये. ते एकटे पडले आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. लक्ष्मीबाईंची चिडचिड आपण हसत वाचतो, घरच्या बाईची चिडचिड मात्र आपल्याला खपत नाही.

म्हणून ख्रिस्ती धर्मातल्या या प्रेमाचा मला लागलेला अर्थ अगदी साधा आहे. प्रेम म्हणजे मन भरून येणे नव्हे. मन तर रस्त्यावर अपघात पाहिला तरी भरून येते. प्रेम म्हणजे आधी हात लावणे. मग एक रात्र तरी स्वतः जागणे. मग ज्याच्यावर आपण भार टाकला त्याला लागेल ते देणे. आणि शेवटी, परत येणे. हे परत येणे सर्वांत महत्त्वाचे. राखणदाराने इतके दिवस काय सोसले ते येऊन पाहणे, त्याचा हिशेब चुकवणे, आणि जो हिशेब पैशांत चुकत नाही तो निदान मान्य करणे.

या गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात जे गावी येतील, त्यांना माझी एक विनंती आहे. फळांची टोपली आणाच. पण त्याबरोबर आठ दिवस त्या खाटेशी स्वतः बसा आणि रोज बसणाऱ्या माणसाला सांगा, ‘तू माहेरी जाऊन ये. तू पुळ्याला जाऊन ये. तू नुसती झोप.’ तुम्हाला नीट जमणार नाही. पेज सांडेल. तरी बसा.

माझी आई त्यानंतर वर्षभराने गेली. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना म्हटले, ‘आईचं सगळं तुम्ही केलंत, आम्ही नुसते पैसे पाठवले.’ त्या भांडी आवरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘एक रात्र बसला होतात की.’

त्यांनी ती एक रात्र लक्षात ठेवली होती. माझ्या सहा वर्षांच्या मनीऑर्डरींपैकी एकही नाही.